खालची हाक

“सोडा मावशी. मूठ सोडा,” मृणाल मॅडम म्हणाल्या, आणि पडद्यावरची हिरवी रेघ खाली यायची ती उसळून वर गेली.

टेबलावर लोखंडी शिकंज्यात एक काळा हात बसवलेला होता. त्याच्या बोटांत कागदी पेला दिलेला. मी मूठ सोडली की त्यानं पेला अलगद खाली ठेवायचा, असा सगळा बेत होता. त्यानं पेला कर्रकन चुरगाळला. आतलं पाणी टेबलावरून वाहत जाऊन माझ्या दिराच्या पायांवर सांडलं.

“वैनी, ह्या हाताला कुनी चहा देऊ नका रं बाबा,” हणमंता पाय वर घेत म्हणाला. “कपासकट पिऊन टाकंल.”

एरवी मृणाल मॅडम त्याच्या बोलण्याला हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. त्यांनी चुरगाळलेला पेला उचलून टोपलीत टाकला. टोपली तसल्या पेल्यांनीच भरली होती.

तो काळा हात माझा नव्हता, पण चालायचा होता माझ्या हुकमावर. माझा उजवा हात कोपराखाली जेमतेम वितभर उरलाय, पुढचा गेला. हात गेला तरी त्याच्याकडे जाणारा मेंदूचा निरोप थांबत नाही, असं ह्या यंत्राचं काम बघणाऱ्या मृणाल मॅडमनी मला पहिल्या दिवशी समजावलं होतं. घर पडलं म्हणून पोस्टमन गावात यायचा थांबत नाही, तो येतो, पडक्या भिंतीपाशी घुटमळतो आणि परत जातो. तो निरोप वाटेतच कुणी वाचला, तर त्यावर यंत्राचा हात चालवता येईल. त्यासाठी पुण्यातल्या त्या मोठ्या दवाखान्यात माझ्या दंडात, आतल्या अंगाला, मज्जातंतूभोवती एक पट्टी गुंडाळली होती. तसलीच एक पट्टी त्यांनी माझ्या डाव्या तळव्यावर ठेवून दाखवली होती. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढी पातळ, आत केसाहून बारीक सोन्याच्या रेघा. मी श्वास सोडला तर तळव्यावरून उडून गेली.

“कडक काही चालत नाही मावशी,” त्या म्हणाल्या होत्या. “हात हलला की मज्जातंतूही सरकतो, ताणला जातो. कडक तार असली की त्याला टोचते, मग तिथं सूज येते आणि काही ऐकूच येत नाही. ही त्याच्याबरोबर वाकते. त्याला हिचा त्रास होत नाही, म्हणून ती त्याचं बोलणं ऐकू शकते.”

पट्टीच्या तारा दंडाच्या कातडीतून बाहेर येत होत्या आणि तिथून एका लांब केबलनं पडद्याच्या यंत्राला जोडल्या होत्या. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. त्या पडद्यावरच्या रेघा हेच मी वाचायला शिकलेलं पहिलं लिखाण. शांत असली की रेघ नदीकाठच्या वाळूसारखी बारीक दिसायची, जोर लागला की काट्याकुट्यांचं कुंपण व्हायची. माझं कुंपण मोडतच नव्हतं. मिटा म्हटलं की उभंच असायचं, सोडा म्हटलं की आणखी घट्ट व्हायचं.

दार उघडून डॉक्टर हळबे आत आले. पट्टी त्यांनीच बसवली होती. उंच माणूस, बोलणं कमी. त्यांनी माझ्या दंडावरची चिकटपट्टी उचकटली, तारा जिथून बाहेर येतात तिथलं कातडं बोटानं दाबून पाहिलं. मी दात आवळले.

“कालच्यापेक्षा लाल आहे,” ते म्हणाले. “ताप?”

“न्हाई सायेब,” मी म्हणाले.

“हाय,” हणमंता म्हणाला. “रातभर अंग तापलं हुतं. मीच कपाळाला हात लावून बघितला.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघायला लागला.

डॉक्टरांनी मृणाल मॅडमना जरा बाजूला घेतलं, पण खोली लहान होती, सगळं ऐकू येत होतं. “इतके दिवस झाले. उघडणं आणि मिटणं यात फरक दिसत नाहीये. आत जंतू गेले तर मज्जातंतू जाईल. उपयोग दिसत असता तर मी औषधं देऊन पट्टी राखली असती. उपयोगच नसेल तर कशाच्या जिवावर राखू? उद्या सकाळी काढू.”

“सर, आज संध्याकाळपर्यंत द्या. कुठंतरी काहीतरी उलटं होतंय. सिग्नल स्वच्छ आहे, इतका स्वच्छ कुणाचाच नाही मिळालेला.”

“स्वच्छ आहे, पण अर्थ लागत नाही.” ते माझ्याकडे वळले. “बाई, राउंड संपवून मी परत येतो. तोपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर काढायची. आणि एक सांगतो, एकदा काढली की तिथं पुन्हा बसवता येणार नाही. कळलं?”

“कळलं,” मी म्हणाले.

मृणाल मॅडमनी केबल सोडवली आणि पाच मिनिटं पाय मोकळे करून या म्हणाल्या. आम्ही दोघं बाहेर आलो. इमारत जुनी, दगडी. जिना चौकोनी वळणं घेत खाली जायचा आणि मधे पार तळापर्यंत पोकळी होती. मी कठड्याला टेकून उभी राहिले. हणमंता पलीकडे भिंतीला पाठ लावून. तो असल्या ठिकाणी कधी कठड्यापाशी यायचा नाही. वर येतानाही भिंतीला खांदा घासत यायचा.

“काढून टाक म्हनावं,” तो म्हणाला.

“तुला विचारलं कुनी?”

“वैनी, दंड बघितलास का कसा टरारलाय? एक हात गेला तो गेला. आता ह्या लोकांच्या नादानं राहिलेला दंड घालवतीस का?”

“माझा हाय दंड.”

“तुझाच हाय. पर न्हेऊन गाडीत घालायची तुला मलाच हाय ना?”

“मग नको न्हेऊस. हितंच ठेव. जिन्याखाली बसून भीक मागीन.”

“मागशील की,” तो म्हणाला. “आन् भीक घालनाऱ्यालाच शिव्या घालशील.”

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. हा हणमंता माझ्या लग्नात एवढासा होता, माझ्या पदराला धरून फिरायचा. माझा नवरा छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा ह्याला नुकती मिशी फुटली होती. पुढं विहिरी खणायची आमची टोळी मी आणि त्यानं मिळून चालवली. त्याला बायको मीच बघून दिली. ती शेवंता, गुणाची पोर. पण हात गेल्यापासून रोज सकाळी मला लुगडं शेवंतानं नेसवायचं. ती कधी तोंड वाकडं करायची नाही. मी मात्र रोज सकाळी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. दुसऱ्या बाईनं आपल्या कमरेला गाठ मारायची, म्हातारपणाआधीच. तो काळा हात एकदा तरी माझ्या हुकमावर निऱ्या धरील, ही माझी आस होती. आणि दुसरीही एक होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती.

“हणमा,” मी म्हणाले, “मी काढायला देनार न्हाई.”

तो म्हणाला, “मग त्या मॅडम म्हनत्यात तसं मूठ सोडून दे की एकदाची. एवढं काय धरून ठिवलंयस?”

त्यानं हे नुसतं बोलायचं म्हणून म्हटलं. पण माझ्या नसलेल्या हाताला कळ आली, अशी की मी कठडा धरला.

आत मृणाल मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवून ठेवला होता. त्यांनी सगळ्या तारा तपासल्या, एकीची जागा दुसरीला दिली, पुन्हा होती तशी लावली. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची असेल, मला लेक असती तर. कपाळावरचे केस घामानं चिकटले होते.

“मिटा,” त्या म्हणाल्या. रेघ होती तशीच, थोडी जाड झाली.

“आता सोडा.”

रेघ उसळली. काळ्या हाताची बोटं एकमेकांत रुतली, आतली मोटर रडायला लागली. त्यांनी बटण दाबून ती थांबवली.

“आता काहीच करू नका. मी काही म्हणणार नाही. बसून राहा नुसत्या.”

मी बसून राहिले. त्या पडद्याकडे बघत होत्या. खाली रस्त्यावर कुणीतरी केळी विकत होतं, त्याचं ओरडणं आत येत होतं. पडद्यावर कुंपण तसंच उभं होतं.

“मावशी,” त्या हळूच म्हणाल्या, “मी आजवर तुम्हाला मूठ मिटा म्हटलं, सोडा म्हटलं. पण एक विचारलंच नाही. तो हात आत्ता कसा आहे? म्हणजे तुम्हाला आतून कसा वाटतो? उघडा की मिटलेला?”

हात जाऊन कैक वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. दुखतंय का, एवढंच सगळे विचारायचे. सुरुवातीला मी गावात सांगून बघितलं होतं की नसलेला हात दुखतो. त्यांनी देवऋषी आणला. त्यानं माझ्यावरून लिंबू उतरवलं, धूर केला, आणि आठ दिवस बाया माझ्या अंगणातून जायच्या बंद झाल्या. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी म्हणायचे, थोडं थोडं.

“मिटल्याला,” मी म्हणाले.

“आत्ता?”

“कायम. नखं तळव्यात घुसत्यात. झोपेत सुद्धा.”

मृणाल मॅडमनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. “मग मी मिटा म्हणते तेव्हा तो आधीच मिटलेला असतो. पण सोडा म्हटलं की वाढतो. असं का होतं मावशी? तुम्ही सोडायचा प्रयत्न करता तेव्हा काय होतं?”

हणमंता खिडकीपाशी उभा होता. तो तिथं नसता तर मी पटकन सांगितलं असतं. पण वेळ निघून चालला होता, आणि दाराबाहेर कुणाच्या बुटांचा आवाज आला की मला वाटायचं, डॉक्टर आले.

“तुमी सोडा म्हनता,” मी म्हणाले, “पर तुमच्या सांगन्यानं सोडायचं नसतं.”

“म्हणजे?”

मग मी सांगितलं. विहीर खोल गेली की माणूस लोखंडी डोलातून खाली उतरतो. डोल तारेवर असतो, तार यारीवर, म्हणजे काठावर रोवलेल्या लोखंडी यंत्रावर. पण तारेचा भरवसा नाही, म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला काथ्याचा जाड दोर बांधायचा. त्याला आम्ही सोल म्हणतो. सोलाचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. यारीच्या लोखंडी पायाला एक वेढा घालून तो हळूहळू सोडत जायचं. तळाला पाय लागले की खालचा हाक देतो, “टेकले!” ती हाक आली की वरच्यानं “सोडली!” म्हणायचं आणि मगच दोर हातातून टाकायचा. काठावर दहा जण असतात. कुणी म्हणतं पोचला असेल, कुणी म्हणतं सोड आता. त्यांचं ऐकायचं नाही. वरून दिसतो तो अंधार. सोड म्हणायचा हक्क एकट्या खालच्याचा. आम्ही हे पोराबाळांना चालायच्या आधी शिकवायचो.

“त्या दिशी ह्यो खाली चालला हुता,” मी म्हणाले. हणमंताकडे बघितलं नाही. “निम्म्यात तारेचा फासा सुटला. डोल तळाला गेला, वाजल्याला ऐकू आला. आन् ह्यो सोलावर लटकला. त्या हिसक्यानं माझा हात यारीच्या पायाशी वढला आन् दोराच्या वेढ्याखाली सापडला. वेढा आवळत चालला.”

“वैनी, ऱ्हाऊ दे,” हणमंता म्हणाला.

“मळ्याचा मालक धावला, त्याची मानसं धावली. माझा हात काळा पडल्याला त्यांना दिसत हुता. सगळे एकच वरडत हुते. सोड बाई, हात सोड, सोड. भलेपनानंच वरडत हुते. मूठ सोडली असती तर दोर वेढ्यातनं निसटला असता. हात निघाला असता. ह्यो गेला असता. म्हनून कुनी सोड म्हनलं की मी जास्ती आवळायची. शुद्ध गेली तवर आवळत हुते. त्याच्या फुडचं मला ठाव न्हाई.”

मृणाल मॅडमनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आणि मी रोज तुम्हाला सोडा, सोडा म्हणत होते,” त्या म्हणाल्या.

“तुमाला काय ठाव, बाई.”

हणमंता खिडकीपासून निघून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. “वैनी, मी वर आलो हुतो की. दुसरा दोर बांधून त्यांनी मला वढलं. मी जित्ता हाय. रोज तुझ्या ताटात जेवतो.”

“मला दिसतंय ते.”

“मग?”

“मग काय? तू वर आलास. खाली कवा टेकलाच न्हाईस. हाक आलीच न्हाई.”

तो मटकन खाली बसला. म्हणाला, “मला वाटायचं, तू माझ्याकडं बघितलंस की तुला हात आठवतो. म्हनून मी यारी इकली. म्हनून तुझ्याम्होरं सारखा बडबडतो. गप बसलो तर तू इचार करशील म्हनून.”

“बडबडतोस ते मला ठाव हाय. डोकं उठतं माझं.”

मृणाल मॅडम उठल्या. त्यांनी केबल पुन्हा लावली, यंत्र चालू केलं, काळ्या हाताच्या बोटांत नवा पेला दिला. “हणमंतकाका,” त्या म्हणाल्या, “तुम्ही द्या ना हाक.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. ओठ ओले केले. “टेकले, वैनी,” तो म्हणाला.

रेघ हलली नाही.

“टेकले पाय. सोड आता.”

रेघ उसळली आणि पेला चुरगाळला. हणमंतानं कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात डॉक्टर हळबे दारात आले. त्यांनी टेबलावरचं पाणी बघितलं, घड्याळ बघितलं. मृणाल मॅडम त्यांना काही सांगायला गेल्या तर त्यांनी हात वर केला.

“मी पाहतोय,” ते म्हणाले. “मृणाल, आता पुरे. त्यांना आणखी त्रास नको.”

“सायेब, जरा थांबा,” मी म्हणाले. मी त्यांना कधी असं बोलले नव्हते. मग हणमंताला म्हणाले, “तू माझ्याम्होरं बसून म्हनतोस. माझ्या डोळ्यांना दिसतंय तू कुठं हाईस. पर त्या मुठीला डोळे कुठनं असनार? तिला हाक ठाव हाय फकस्त. ती खालनं येती.”

हणमंताला कळलं. त्याची नजर माझ्या खांद्यावरून दाराबाहेर गेली, जिन्याच्या कठड्याकडे, मधल्या पोकळीकडे. त्याचा रंग उतरला. विहिरीचं काम सोडल्यापासून हा माणूस आडात सुद्धा वाकून बघायचा नाही.

“लांबनं जा, भिंतीकडनं,” मी म्हणाले.

“न्हाई,” तो म्हणाला. “मधी उभा ऱ्हायल्याबिगर आवाज घुमायचा न्हाई.”

तो गेला. मृणाल मॅडमनी दार सताड उघडून त्याला खुर्ची लावली. डॉक्टर बाजूला सरकले, पण गेले नाहीत. त्याच्या चपलांचा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहिला. एक मजला गेला. आवाज बारीक झाला. मधेच थांबला, आणि इतका वेळ आलाच नाही की मला वाटलं, ह्याला घेरी आली. मी उठायला लागले तर मृणाल मॅडमनी माझा खांदा दाबून धरला. आवाज पुन्हा सुरू झाला. आणखी एक मजला. मग काहीच ऐकू येईना.

माझी मूठ दुखत होती. नखं आत, अंगठा वरून दाबलेला, काथ्याचा दोर तळव्यात. दोर ओला होता, मला तो ओला लागत होता.

खालून कुणीतरी दुसरंच ओरडलं. “ओ पाहुणे, असं मधे उभं राहायचं नाही!” दारावरचा वॉचमन असणार.

आणि मग हाक आली.

“वैनीऽऽ!”

ती हणमंताची हाक होती, पण हल्लीच्या हणमंताची नव्हे. दगडी भिंतींना थडकत, गोल फिरत, मोठी होत वर आली. काठावर बसून मी तशा हजार हाका ऐकल्या होत्या. त्या हाकेला ओल असते, तळाचा गारवा असतो.

“टेकले गंऽऽ पाय! टेकलेऽऽ! सोड, वैनी!”

मी पडद्याकडे बघत नव्हते. मी डोळे मिटले होते. आधी करंगळी सुटली. तिच्यावरचा दोर सरकला आणि ती आपली आपण सरळ झाली, मुंगीचा पाय हलावा इतकीच, पण झाली. मग तिच्या शेजारचं बोट. मधलं अडलं, थरथरलं, सुटलं. अंगठा शेवटी. पाठीवरची गोण उतरवल्यावर खांद्याला हलकं वाटत नाही, उलट आता हे काय करायचं असं होतं, तसं त्या सगळ्या हाताला झालं. तळव्याला वारा लागला.

मी डोळे उघडले. पडद्यावर कुंपण नव्हतं. वाळूसारखी बारीक रेघ होती. चुरगाळलेला पेला काळ्या हातातून टेबलावर पडला होता आणि त्याची बोटं उघडी होती, माझ्याकडे तळवा करून.

मृणाल मॅडम तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. डॉक्टर पडद्याच्या इतके जवळ गेले होते की त्यांचा श्वास काचेवर उमटत होता.

खालून पुन्हा आवाज आला, ह्या वेळी घाबरलेला. “वैनीऽ? सोडलीस का?”

वरच्यानं उलट हाक दिल्याशिवाय खालचा कमरेची गाठ सोडत नाही, तोही रिवाजच. मी तशीच बसल्या जागेवरून, केबल दंडाला लोंबत असताना, पोटातून ओरडले, “सोडली रंऽऽ! सोडली!”

“अहो, हॉस्पिटल आहे हे!” वॉचमन खालून म्हणाला. त्याच्यावर हणमंता हसला की रडला, ते इतक्या वरून कळलं नाही.

“आता मिटा,” मृणाल मॅडम पुटपुटल्या. मी मिटली. रेघ उठली. “आणि...” त्या अडल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना.

“म्हना बाई,” मी म्हणाले. “आता म्हनलं तरी चालतंय.”

“सोडा.”

मी सोडली. रेघ बसली. डॉक्टर हळबे माझ्याजवळ आले, दंडावरची लाली पुन्हा एकदा दाबून पाहिली आणि बाहेर डोकं काढून नर्सला औषधाचं नाव सांगितलं. जाताना दारात थांबले. “उद्या सकाळचं रद्द,” ते म्हणाले.

पट्टी पुढं पावसाळा संपेपर्यंत माझ्या दंडात राहिली. त्या काळ्या हातानं मी पेला ठेवायला शिकले, कांदा धरायला शिकले, आणि एकदा मृणाल मॅडमच्या ओढणीच्या निऱ्या धरून दाखवल्या. मग ठरल्याप्रमाणे ती काढली. तो हात घरी न्यायचा नव्हताच, ते मला आधीपासून ठाऊक होतं. तो शिकून पुढं कुणा तरण्याताठ्याच्या कामी यायचा होता. मला एक साधा आकडा बसवून दिला. त्यानं एक बाजू अडकवून दुसरी डाव्या हातानं ओढली की लुगड्याची गाठ बसते. जरा वाकडी बसते. पण माझी मी मारते. मूठ त्यानंतर कधी मिटून राहिली नाही, पट्टी असताना नाही आणि काढल्यावरही नाही. कुणाला न सांगितलेली माझी दुसरी आस हीच होती.

आता मी म्हातारी झाले, हणमंताही गुडघे धरून चालतो. आमच्या घराला माळवद आहे. तो संध्याकाळी वर वाळत टाकलेल्या मिरच्या गोळा करायला जातो आणि शिडीनं उतरतो. शेवटच्या पायरीवरून पाय खाली ठेवला की ओरडतो, “टेकले!” मी घरात जिथं असेन तिथून म्हणते, “सोडली!” शेवंताच्या सुना हसतात. हसू देत.

परवा तो उतरला आणि हाक द्यायचं विसरला. चुलीवर भाकरी होती. मी डाव्या हातानं ती उलटायला गेले आणि तशीच थांबले. उजवीकडं, जिथं काही नाही तिथं, बोटं हळूहळू मिटत आली होती. भाकरी करपायला लागली. मी दाराकडे तोंड करून ओरडले, “काय रं, लटकतोस का अजून?”

“टेकले, टेकले,” तो अंगणातून म्हणाला. “वैनी, काहीतरी करपतंय बघ.”

“सोडली,” मी म्हणाले आणि भाकरी उलटली.